मऊ पट्टा सोडून

आमच्या लॅबमध्ये त्यांना सगळे तारवाले म्हणत. नवीन माणसाला वाटायचं, घरात कुणीतरी तारखात्यात असणार. तसलं काही नव्हतं. मातीचा नमुना कापायला चौकटीत ताणून बसवलेली बारीक तार लागते, आणि ती तार त्यांच्या हातात आली की कसलीही चिकणमाती लोण्यासारखी कापली जायची. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एकही नमुना तुटला नव्हता. हे ते स्वतः दर दोन दिवसांनी सांगत, त्यामुळे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं.

मी तिथे रिपोर्ट टाइप करते आणि नमुन्यांचं रजिस्टर लिहिते. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. म्हणोत. एकोणीस वर्षं इतरांची गचाळ अक्षरं लावून बघा, म्हणजे कळेल.

आमचं शहर उतारावर वसलंय. सपाट जागा मिळाली तर नशीब, नाहीतर प्रत्येकाच्या घरामागे टेकडी असतेच. माझ्याही आहे. टेकडी कापून रस्ता काढायचा म्हटलं की आधी यंत्राने खोल भोकं पाडतात, लोखंडी नळीत माती भरून वर काढतात आणि नळीची तोंडं मेणाने बंद करून आमच्याकडे पाठवतात. तारवाले ती माती नळीतून हळूच बाहेर ढकलायचे, साबणाच्या वडीएवढा चौकोनी तुकडा कापायचे आणि पितळी पेटीत बसवायचे. ही पेटी मधोमध आडवी चिरलेली असते. वर वजन ठेवायचं, खालचा भाग हळूहळू सरकवायचा आणि माती किती जोर सोसून तुटते ते मोजायचं. तीन वेगळ्या वजनांखाली तीन तुकडे तोडले की आलेखाच्या कागदावर तीन ठिपके मिळतात.

पुढचं काम साहेबांचं. साहेब म्हणजे आमचे इंजिनिअर, मितभाषी माणूस, चहासुद्धा मोजून मापून पिणारा. ते त्या ठिपक्यांमधून पट्टीने सरळ रेघ काढायचे. रेघ उभ्या रेषेला जिथे लागते ती मातीची स्वतःची पकड, आणि रेघ जितकी चढती तितकं घर्षण. कातळ असेल तर सरळ रेघ चालत नाही, वाकडी लागते, कारण कातळ मोडतो तो त्याच्या भेगांतून. पण शेवटी सगळी टेकडी एका रेघेच्या भरवशावर उभी राहते. रेघ वर गेली की टेकडी भक्कम, खाली आली की धोका. मी एकदा साहेबांना विचारलं होतं, रेघ चुकली तर? ते म्हणाले, "बाई, रेघ चुकत नाही. ठिपके चुकतात."

ठिपके तारवाल्यांचे होते.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं तेव्हा त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण माझ्यापासून काय लपणार? ते चहा अर्धा कपच घ्यायला लागले. भरलेला कप उचलला की बशीत सांडायचा. विचारलं तर म्हणाले, "पित्त होतं हल्ली." मी म्हटलं, "अर्ध्या कपाने अर्धंच पित्त होतं वाटतं?" ते हसले नाहीत. तेव्हा मला कळलं की हा चेष्टेचा विषय नाही.

त्याच सुमारास एका टेकडीच्या नळ्या आल्या. टेकडीच्या पायथ्याशी चार घरांची ओळ होती आणि त्या घरांमागून नवा रस्ता जायचा होता. त्या चारांतलं पहिलं घर तारवाल्यांच्या थोरल्या बहिणीचं. आई गेल्यावर तिनेच यांना वाढवलं होतं. सत्तावन्न वर्षांच्या या माणसाला ती फोनवर "बाळ्या" म्हणायची, आणि आवाज असा खणखणीत की पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू यायचा. घरात ती पाळणाघर चालवत होती. अकरा मुलं. मागच्या खोलीत, टेकडीच्या बाजूला गारवा असतो म्हणून दुपारी ती मुलांना तिथे ओळीने झोपवायची.

त्या आठवड्यात सव्वीस वर्षांत न झालेलं झालं. पहिल्या भोकातला साडेसहा मीटरवरचा नमुना नळीतून बाहेर येता येता मधोमध दुभंगला. दोन दिवसांनी दुसऱ्या भोकातला. शुक्रवारी तिसऱ्यातला. तिन्ही वेळा मी समोर होते. तिसऱ्या वेळी ते तुटलेला तुकडा हातात घेऊन नुसते उभे राहिले. तुटलेला भाग चकचकीत होता, कुणी तेलाचं बोट फिरवल्यासारखा. पण त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते स्वतःच्या हाताकडे बघत होते.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हे नका लिहू ना."

"मग काय लिहू?"

"शेजारची चांगली माती आहे नळीत. त्यातून कापतो. नमुना तो नमुनाच."

मी लिहिलं नाही. त्यांच्यावर उपकारच करतेय असं मला वाटलं. आयुष्यभर ज्या हातांच्या जोरावर माणूस ताठ मानेने जगला, ते हात गेले हे रजिस्टरमध्ये कशाला मांडायचं? मी पान उलटलं. त्यांनी शेजारची माती कापली, पेटीत बसवली, तोडली. ठिपके छान वर आले, साहेबांची रेघ छान वर गेली. सुरक्षेचा आकडा आला एक पूर्णांक चार. एकच्या खाली म्हणजे टेकडी येणार, एकच्या वर म्हणजे राहणार. एक पूर्णांक चार म्हणजे निर्धास्त झोपा. तो रिपोर्ट मीच टाइप केला.

इकडे रस्त्याची बातमी ऐकून बहीण घाबरली होती. बाजाराजवळ तिने दुसरी जागा बघून ठेवली होती आणि हो म्हणायच्या बेतात होती. तारवाले रिपोर्टची प्रत घेऊन तिच्याकडे गेले. "ताई, माझ्या हाताखालून गेलीय ही माती," असं सांगून आले. तिने बाजाराजवळच्या जागेला नाही म्हणून कळवलं.

आठ महिन्यांनी टेकडीचा पायथा कापायला सुरुवात झाली. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, तिचा फोन आला. मी समोरच डबा उघडून बसले होते.

"बाळ्या, मागच्या खोलीचं दार लागत नाही रे. सुताराने दोनदा रंधा मारला. पुन्हा अडकतं. तुझ्या ओळखीचा कुणी बरा सुतार आहे का?"

त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "ताई, दार खालून अडकतं का वरून?"

"खालून. फरशी फुगलीय जराशी. ओल असेल."

पायाखालची जमीन सरकली असं लोक सहज बोलून जातात. आमच्या लॅबमध्ये ते कुणी बोलत नाही. मी डबा तसाच झाकला आणि त्यांच्याबरोबर निघाले.

मुलं झोपली होती. लहान लहान गाद्यांवर अकरा जण, एकाच्या तोंडात अंगठा, एकीचा पाय शेजारच्याच्या पोटावर. तारवाले ओणवे झाले आणि त्यांनी फरशीवर तळवा टेकला. दाराशी फरशी बोटभर वर आली होती. मग आम्ही घरामागून टेकडी चढलो. चढ फार नव्हता, पण ते दर दहा पावलांवर थांबत होते. वर गवतात त्यांनी पायाने चाचपायला सुरुवात केली आणि एका जागी बूट आत गेला. गवत बाजूला केलं. जमिनीला भेग होती, टेकडीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत वाकत गेलेली. त्यांनी हात आत घातला, तो कोपरापर्यंत गेला. खाली चार घरांची कौलं दिसत होती आणि ताईच्या दोरीवर वाळत घातलेले छोटे छोटे कपडे.

उतरताना ते एकदाच बोलले. "बाई, ते तुटलेले तुकडे टाकले का हो?"

मी काही टाकत नाही. यावरून सगळे मला नावं ठेवतात. लॅबच्या मागच्या खोलीत जुन्या पत्र्याच्या डब्यांची रास आहे, त्यांत त्या तुकड्यांचे तिन्ही डबे मेण लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले होते. वर पेन्सिलीने भोकाचा नंबर आणि खोली, तारवाल्यांच्याच अक्षरात. रजिस्टरमधून लपवलं तरी बिनचिठ्ठीची माती ठेवायला त्यांचा हात धजावला नव्हता. त्यांनी आलेखाच्या कागदावर टेकडीचा उतार काढला, त्यावर तीन भोकं आणि प्रत्येक भोकात नमुना जितक्या खोलवर तुटला तिथे एक ठिपका. मग पट्टी ठेवली. तिन्ही ठिपके एका सरळ रेघेत आले. रेघ वर नेली तर भेगेपाशी पोचली, खाली नेली तर मागच्या खोलीच्या फरशीखाली.

"माझा हात नव्हता," ते म्हणाले. सुटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर आला, आणि तो क्षण मला अजून आठवतो, कारण लगेच त्यांना उमगलं की त्याचा अर्थ काय. ते खुर्चीत बसले. "हात असता तर बरं झालं असतं हो."

साहेबांना सगळं सांगितलं. मीही सांगितलं, रजिस्टर मी कोरं ठेवलं म्हणून. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी चकचकीत तुकडा उजेडात धरला आणि बराच वेळ बघितला. पातळ मऊ पट्टा, कधीतरी पूर्वी घसरलेला, घासून गुळगुळीत झालेला. बाकीची सगळी टेकडी भक्कम असली तरी ती या पट्ट्यावर नुसती ठेवलेली होती. "पेटीत मागेपुढे सरकवून याची उरलेली ताकद काढा," ते म्हणाले. "आकडा हातात आला की त्याच मिनिटाला काम थांबवतो. आकड्याशिवाय माझं कुणी ऐकणार नाही."

"किती दिवस?" मी विचारलं.

"चार."

ही चाचणी घाईने होत नाही. पेटी तासाला केसभर सरकते. पहिल्या डब्यातला तुकडा तारवाल्यांनी पेटीत बसवला, मोटर सुरू केली, तिसरा डबा पिशवीत घातला आणि म्हणाले, "चार दिवस माझ्याच्याने होणार नाही. चला."

ताई टेबलापाशी दूध गाळत होती. भावाचं बोलणं तिने पाठमोरीच ऐकून घेतलं.

"तूच म्हणालास राहा म्हणून. ती जागा गेली माझी. आता तूच म्हणतोस ऊठ."

"चुकलो, ताई."

"अकरा घरच्या आया मला विचारतील. काय सांगू? माझ्या भावाला आज असं वाटलं, उद्या तसं वाटेल?"

"सांग भाऊ मूर्ख आहे म्हणून. पण आत्ता सांग."

ती वळली. "बाळ्या, रिपोर्टवर शिक्का होता."

मग ते वाद घालत बसले नाहीत. टेबलावरचा स्टीलचा ट्रे घेतला, डबा उघडला, मातीचे दोन्ही भाग बाहेर काढले. खालचा भाग ट्रेमध्ये दाबून बसवला, चकचकीत तोंडावर चमचाभर पाणी सोडलं, वरचा भाग जसा होता तसा त्यावर ठेवला. एका मुलाच्या पाटीपाशी प्लास्टिकचं कोनमापक पडलं होतं ते ट्रेच्या कडेला धरायला मला सांगितलं. आणि ट्रेचं एक टोक उचलायला लागले. त्या दिवशी हाताची थरथर लपवायचा त्यांनी प्रयत्नच केला नाही. ट्रे टेबलावर टकटक वाजत होता.

"पट्टा तेरा अंशांनी कललाय, ताई. तुकडा तेराच्या आधी घसरला तर टेकडीही घसरणार. बाई, वाचा मोठ्याने."

"पाच," मी म्हटलं. "सात. नऊ. दहा."

अकराच्या जरा पुढे वरचा तुकडा निघाला. धक्का नाही, आवाज नाही. गुपचूप सरकत आला आणि ट्रेच्या काठावरून टेबलावर, दुधाच्या पातेल्याला जाऊन टेकला.

ताईने ट्रेकडे बघितलं. मग मागच्या खोलीच्या न लागणाऱ्या दाराकडे. आत कुणीतरी झोपेत खोकलं. तिने गाळणी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि आत जाऊन पहिल्या मुलाला उचललं. अर्ध्या तासात अकराच्या अकरा मुलं रस्त्यापलीकडच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये होती, अर्धवट झोपेत रडत. शेवटची दोन मी काखेत धरून नेली. रस्ता ओलांडताना मी मागे वळून टेकडीकडे बघितलं नाही, माझी छातीच झाली नाही.

पाचव्या दिवशी आकडा आला. बारा अंश, आणि पकड शून्य. साहेबांची नवी रेघ कागदाच्या तळाशी झोपल्यासारखी गेली होती. सुरक्षेचा आकडा एकच्या खाली. त्यांनी तिथल्या तिथे फोन केला, काम थांबलं, उरलेल्या तीन घरांनाही बाहेर काढलं.

आणि टेकडी उभीच राहिली.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. लोक बोलायला लागले. ज्यांना घर सोडावं लागलं होतं ते लॅबच्या दाराशी येऊन तारवाल्यांना वाटेल ते बोलून गेले. पाळणाघरातली चार मुलं दुसरीकडे गेली. ठेकेदार भेटेल त्याला सांगत सुटला की म्हाताऱ्याने घरच्या ट्रेवर माती घसरवून सरकारी काम बंद पाडलं. तारवाले रोज सकाळी भेगेपाशी जाऊन दोन खुंट्यांमधलं अंतर मोजायचे आणि मला आकडा सांगायचे. तो रोज वाढत होता, पण नखभर. एकदा मला म्हणाले, "येऊ नये असंही वाटतं हो, आणि नाही आली तर ताई परत जाईल याची भीती वाटते." त्यांचं जेवण सुटलं होतं. मीही घरी कपबशी वाजली तरी दचकत होते.

अठराव्या दिवशी ताईने निक्षून सांगितलं. "रविवारपर्यंत थांबते. सोमवारी मुलांना घरी नेणार. हॉलची फरशी गार पडते, दोघांना ताप आलाय." ते तिच्या पाया पडले. खोटं नाही सांगत, वाचनालयाच्या दारात, सगळ्यांसमोर. ती म्हणाली, "ऊठ, तमाशा करू नकोस. सोमवारी नेणार म्हणजे नेणार."

शनिवारी दुपारी सव्वा एकला टेकडी आली. मी लॅबमध्ये होते, आम्हाला नुसती घरघर ऐकू आली, लांबून ट्रक रिकामा करावा तशी. धावत गेलो तर चारांपैकी दोन घरं नव्हतीच. ताईच्या घराचा पुढचा भाग उभा होता, दाराबाहेर चपलांची मांडणी जागच्या जागी. मागची खोली छतापर्यंत भरली होती. सव्वा एक म्हणजे मुलांना झोपवून अर्धा तास होतो.

हॉलमध्ये तारवाले मुलांना मोजत होते. सात मुलं राहिली होती आणि सातही समोर बसली होती. ते मोजायचे, सात यायचे, पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. डोक्यावर हात ठेवून ठेवून. एक मुलगी वैतागून म्हणाली, "मामा, पुरे ना!" ताईने शेवटी त्यांचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

लोकांनी मग त्यांना डोक्यावर घेतलं. हार घालायला माणसं आली तेव्हा ते मागच्या दाराने निघून गेले. मला वाटलं संपलं. ते म्हणाले, "बाई, माझ्या वह्या काढा."

प्रत्येक नमुना कसा कापला ते ते आपल्या खिशातल्या वहीत लिहीत. सव्वीस वर्षांच्या अशा वह्या माझ्याच कपाटात होत्या. निवृत्तीपर्यंतचे सगळे दिवस ते त्या वाचत बसले. एकदा मी त्यांच्या खांद्यावरून डोकावले. बारीक नेटकं अक्षर: "मऊ पट्टा सोडून कापला. नमुना उत्तम." पुढच्या पानावर पुन्हा. पुढच्या वर्षी पुन्हा.

"तुटले कसे नाहीत ते कळलं ना?" ते म्हणाले. "हात चांगला होता. जिथे माती तुटली असती तो भाग मी आधीच कापून टाकत होतो. आणि लोक म्हणायचे, काय हात आहे!"

"सगळ्याच टेकड्या काही तशा नसतील," मी म्हटलं.

"नसतील. कुठली तशी आहे ते सांगा."

ते मला सांगता आलं नाही. साहेबांनाही नाही. वरती पत्र गेलंय, जुने उतार पुन्हा तपासायला हवेत म्हणून. उत्तर यायचंय. तारवाले पत्राच्या उत्तरासाठी थांबले नाहीत. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून ते वह्यांतून काढलेली, अशा टेकड्यांखालच्या घरांची एक यादी घेऊन फिरतात. कुणाच्याही घराची बेल वाजवतात, आपण कोण ते सांगतात आणि दोन-तीन साधे प्रश्न विचारतात. लोकांना वाटतं, चांगला माणूस होता, धक्क्याने बिघडला. यादी मी पाहिलेली नाही, ती त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली.

गेल्या रविवारी सकाळी माझी बेल वाजली. दारात तारवाले उभे, हातात वही. मला आनंदच झाला. म्हटलं, "या, या! अर्धा कप टाकते." ते आत आले नाहीत. माझ्या खांद्यावरून पलीकडे, मोरीच्या बाजूला बघत राहिले, जिथे खिडकीतून आमच्या इमारतीमागची टेकडी दिसते.

"बाई," ते म्हणाले, "मागचं दार नीट लागतं का हो?"

मी आत गेले, मागचं दार ओढलं. लागलं. कडी घातली, तीही बसली.

"लागतंय," मी तिथूनच ओरडून सांगितलं.

ते तोवर आत येऊन माझ्या मागे उभे होते. त्यांनी वाकून फरशीवर तळवा टेकला आणि मला म्हणाले, पुन्हा एकदा लावून दाखवा.